नवविश्वासी वर्ग: वाचनाची शिस्त उत्तम, सोबतीची व्यवस्था कच्ची

बाप्तिस्म्याच्या दिवशी मंडळी टाळ्या वाजवते, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, उपासनेनंतर चहा-केक होतो आणि जो तो हातात हात घेऊन ‘जय ख्रिस्त’ म्हणतो. परंतु सोमवारी सकाळी उठल्यावर या नव्या विश्वासाचे नेमके काय करायचे, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुण्यातील एक प्रोटेस्टंट मंडळी (चर्च) वर्षातून दोनदा ‘नवविश्वासी वर्ग’ चालवते. प्रौढ वयात ख्रिस्ताकडे वळलेला एक विद्यार्थी म्हणून मी हा वर्ग पूर्ण केला आहे. अशा वर्गांबद्दल आपल्याकडे एक तर भारावून बोलले जाते किंवा अजिबात बोलले जात नाही, म्हणून त्याचे गुणदोष जरा तपशिलाने मांडावेत असे वाटले.

वर्ग बारा आठवड्यांचा असून रविवारच्या उपासनेनंतर मंडळीच्या मागच्या खोलीत दीड तास चालतो. प्रवेशासाठी बाप्तिस्मा झालेला असण्याची अट नाही. छापील पुस्तिका आणि एक दोनशेपानी वही यांचे किरकोळ मूल्य घेतले जाते. बायबल स्वतःचे आणायचे, नसल्यास वर्गापुरते दिले जाते. शिकवणारे गृहस्थ मंडळीतील एक वडील, म्हणजे जबाबदारी सांभाळणारे ज्येष्ठ सभासद (एल्डर), असून पेशाने निवृत्त शिक्षक आहेत, आणि हे त्यांच्या फळ्यावरील अक्षरावरून व वेळेच्या काटेकोरपणावरून लगेच ध्यानात येते. विद्यार्थ्यांत मात्र बरीच विविधता होती: नोकरदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, मंडईत भाजीचा गाळा असलेली एक मावशी, महाविद्यालयीन मुले, आणि ख्रिस्ती घरातच जन्मूनही बायबल कधी सलग न वाचलेले दोघे-तिघे.

या वर्गाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे बायबलवाचनाची सवय लावण्याची पद्धत. नवखा माणूस मोठ्या उत्साहाने पहिल्या पानापासून सुरुवात करतो, उत्पत्ती आणि निर्गम ही पुस्तके गोष्टींच्या ओघात वाचून काढतो, आणि लेवीय या पुस्तकातील होमार्पणे व शुद्धाशुद्धतेचे नियम आले की तेथेच त्याचा पाय रुततो. बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय आहेत. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरी मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी आखलेला वाचनक्रम आजही जगभर वापरला जातो. त्यात रोज साधारण चार अध्याय वाचून वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा पूर्ण होतात. अनुभवी वाचकाला तो झेपतो, पण ज्याला फिलिप्पैकरांस पत्र कोठे शोधावे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो अन्यायच ठरतो. म्हणून हा वर्ग मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या नव्या करारातील एका पुस्तकापासून, सुरुवात करतो. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे, आणि रोज अर्धा अध्याय वाचला तरी सुमारे महिनाभरात हातावेगळे होणारे आहे. एक अख्खे पुस्तक आपण संपवले, ही भावना पुढच्या वाचनाला किती बळ देते, हे शिकवणाऱ्यांना पक्के ठाऊक असावे.

वाचल्यावर वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात: येथे काय घडले आहे, यातून देवाविषयी काय कळते, आणि आज मी काय करणार आहे. तिसऱ्या उत्तराला एक कडक अट आहे. ते असे असले पाहिजे की रात्री झोपताना ‘केले’ किंवा ‘केले नाही’ एवढेच म्हणता यावे. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असे लिहिले तर सर ते शांतपणे खोडतात आणि कोणावर, केव्हा, कसे, असे विचारतात. सुरुवातीला ही पद्धत शाळकरी वाटते, पण काही आठवड्यांनी वही उलटून पाहिली की तिचे मोल कळते, कारण पानोपानी ठरवलेल्या गोष्टी आणि त्यांपुढची कबुली, दोन्ही आपल्याच अक्षरात असतात.

या पद्धतीचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची हकिगत आहे. लोक त्याला गप्प बसवू पाहतात, तो अधिकच ओरडतो, येशू थांबतो आणि त्याला बोलावून घेतो. तेव्हा बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. सरांनी उतारा दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि स्वतः काहीही न बोलता वाट पाहिली. बराच वेळ कोणी बोलेना. मग भाजीचा गाळा असलेल्या मावशी म्हणाल्या, “भिकाऱ्याचं पांघरूण म्हणजे त्याचं दुकानच की हो. त्यावरच पैसे पडतात. आंधळ्या माणसानं ते टाकलं म्हणजे परत सापडायचं नाही, हे त्याला माहीत असणार.” उताऱ्यात हे सारे स्पष्ट लिहिलेले नाही, आणि सरांनीही तसे सांगून टाकले, पण वस्त्र टाकल्याचा उल्लेख तेथे आहे, तो मावशींच्या नजरेने हेरला आणि आम्हा शिकल्यासवरल्यांच्या नजरेतून निसटला. वर्गातील उत्तम शिकवण अशीच, शिकवणाऱ्याने तोंड मिटून ठेवल्यावर होत असे. दुर्दैवाने शेवटच्या काही आठवड्यांत पाठ्यक्रम उरकण्याच्या घाईत ही सवय सुटली आणि दीड तासाचे व्याख्यान सुरू झाले.

कोणते मराठी बायबल घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक नवविश्वासी विचारतो. मंडळीत बायबल सोसायटीचे पुनर्संपादित ‘पवित्र शास्त्र’ चालते आणि वर्गातही तेच वापरले जाते. त्याची भाषा भारदस्त, पाठांतराला गोड आणि बहुतेक मंडळ्यांत ओळखीची आहे. परंतु प्रेषित पौलाच्या पत्रांतील लांबलचक वाक्ये त्या भाषेत पहिल्या वाचनात उलगडत नाहीत, आणि शाळा लवकर सुटलेल्या माणसाला तर ती अडतातच. ही अडचण आजची नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, ती सामान्य स्त्रियांना कळेल अशा साध्या मराठीसाठीच; १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सोप्या भाषेतील भाषांतरे आज सहज मिळतात. वर्गाने ती शेजारी ठेवून वाचायला सांगावे, अशी माझी सूचना आहे. सध्या तसे करणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण सुचवतही नाही.

फोनवर वाचण्यासाठी वर्गात यूव्हर्जनचे बायबल ॲप सुचवले जाते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील लाइफ चर्चने २००८ साली सुरू केलेले हे ॲप विनामूल्य आणि जाहिरातमुक्त आहे, त्यात मराठीत एकाहून अधिक भाषांतरे आहेत, आणि बसमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला ते फार सोयीचे पडते. सलग किती दिवस उघडले याची मोजदादही ते ठेवते. त्या आकड्याकडे पहिले तीन महिने पाहूच नका, असा सरांचा सल्ला आहे आणि तो मला पटला. एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला की नवखा माणूस वाचनच सोडून देतो. शिवाय आकडा टिकवण्यासाठी रात्री पावणेबाराला डोळ्यांखालून घातलेल्या चार ओळींना वाचन म्हणणेही कठीण आहे.

प्रार्थनेचे चार पाठ हा वर्गाचा दुसरा भक्कम भाग. एका शिष्याने येशूला ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ असे विनवल्याचे लूकच्या अकराव्या अध्यायात आहे, म्हणजे प्रार्थना ही शिकण्याची गोष्ट आहे, आपोआप सुचण्याची नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते आणि नवख्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. त्यानंतर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, एकेका विनंतीने उलगडली जाते. आधी पित्याचे नाव, राज्य आणि इच्छा, मग रोजची भाकर, क्षमा आणि परीक्षेतून सुटका, असा तो क्रम आहे; प्रत्येक विनंतीखाली आपल्या दिवसातील एक गोष्ट वहीत लिहायची आणि तीच देवापुढे मांडायची. ‘दिदाखे’ या फार प्राचीन ख्रिस्ती लेखनात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी आणि बुधवारी व शुक्रवारी उपवास करावा असा दंडक आढळतो. वर्गाने त्यातील तीन वेळांची कल्पना उचलली आहे: उठल्यावर, दुपारच्या डब्याआधी आणि झोपताना. डब्याआधीची प्रार्थना कार्यालयात डोळे मिटून, हात जोडून करण्याची गरज नाही, एवढा व्यावहारिक दिलासाही दिला जातो, आणि मत्तयच्या सहाव्या अध्यायातील गुप्तपणे प्रार्थना करण्याविषयीचे वचन त्यासाठी दाखवले जाते. उपवासावर मात्र अर्धाच तास दिला गेला. मराठी घरात वाढलेल्या माणसाला एकादशी आणि चतुर्थी ठाऊक असते. त्याच्या मनात उपवासाविषयी आधीच काही धारणा असतात, आणि त्यांचे काय करायचे, हा विषय साबुदाण्याच्या एका विनोदावर निभावून नेण्यासारखा नाही.

मोठ्याने प्रार्थना करण्याची सक्ती नाही, हे येथे मुद्दाम नोंदवतो. अनेक मंडळ्यांत दहा-दहा मिनिटे अस्खलित प्रार्थना करणाऱ्यांचा असा काही दबदबा असतो की नव्याने आलेला माणूस तोंड उघडायलाच घाबरतो. या वर्गात स्तोत्रसंहितेतील ओळी वाचणे हीच प्रार्थना म्हणून मान्य होती, आणि तक्रारीची, रडण्याची, अगदी देवाला जाब विचारणारी स्तोत्रेही त्यात होती.

पाठांतराच्या बाबतीत वर्गाने आपल्याच परंपरेचा फायदा करून घेतला आहे. आठवड्याला एक वचन पाठ करायचे, आणि शक्य तेथे ते चालीवर म्हणायचे. ज्या भाषेत ओवी आणि अभंग घराघरांत पाठ आहेत, तेथे हे सहज जमते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचाच छंद हाती घेतला; त्यांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गाइली जातात. आमच्या वर्गाचा शेवट दर आठवड्याला ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील एखाद्या गीताने होत असे. पेटी वाजवणारा मुलगा आला नाही तर सगळे बेसूर होत, पण शब्द पाठ होत.

आता जेथे हा वर्ग कमी पडतो त्याविषयी. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे की प्रत्येक विद्यार्थ्याला मंडळीतील एक जुना सभासद ‘सोबती’ म्हणून दिला जाईल आणि तो आठवड्यातून एकदा भेटून त्याची विचारपूस करील. कल्पना उत्तम आहे, आणि माझ्या मते वर्गाचा सारा प्राण तिच्यातच असायला हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या रविवारी नावांची आणि फोन क्रमांकांची एक यादी वाटली गेली आणि त्यानंतर ती यादी पुन्हा कोणी उघडली नाही. काही सोबत्यांना आपण सोबती आहोत हेच ठाऊक नव्हते. एका विद्यार्थ्याची रात्रपाळी आणि त्याच्या सोबत्याची दिवसपाळी असल्याने दोघांची भेट फक्त सुवचनाच्या चित्रांतून, तीही सकाळी सहाला फोनवर, होत असे. घरकाम करणाऱ्या ताईंना सोबतीण मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाची. ज्यांना भला सोबती लाभला, त्यांच्या वह्या शेवटपर्यंत भरत राहिल्या. ज्यांना तो लाभला नाही, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या वह्या मार्कच्या मध्यावर थांबल्या. वाचनाची आखणी दोघांचीही एकच होती.

या बाबतीत इतिहासातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट या प्रोटेस्टंट चळवळीत १७४२ साली ब्रिस्टल शहरातील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट करण्यात आले आणि गटप्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरले. पेनीसाठी दारोदार गेलेल्या गटप्रमुखांना घराघरांतील खरी परिस्थिती दिसू लागली, आणि बघता बघता पैशाची फेरी ही विचारपुशीची फेरी झाली. तुझा आत्मा कसा आहे, हा प्रश्न दर आठवड्याला प्रत्येकाला विचारला जाऊ लागला. त्या चळवळीच्या टिकाऊपणात या लहान गटांचा वाटा मोठा मानला जातो. गटप्रमुखाला ठराविक दिवशी, ठराविक माणसाकडे जाण्याचे ठोस कारण होते, हे यातील मर्म आहे. आमच्या वर्गातील सोबत्याला तसे कारणच दिलेले नाही. वही सोबत्याने आठवड्यातून एकदा पाहून सही करावी, एवढा साधा नियम केला तरी चित्र पालटेल. सोबत्यांसाठी आधी एखाद्या दिवसाचे शिबिर घेणे आणि पत्ते पाहून जोड्या लावणे, हेही अवघड नाही.

दुसरी मोठी त्रुटी घराविषयीची आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक जण आपल्या घरात एकटेच ख्रिस्ती होते. गणपतीत आरतीला उभे राहायचे का, आजीने पुढे केलेला प्रसाद घ्यायचा की नाही, वडिलांच्या श्राद्धाला जायचे तर कोठवर, लग्नाच्या वाटाघाटीत आपला विश्वास केव्हा सांगायचा, हे त्यांचे रोजचे प्रश्न. पहाटेच्या वाचनाची जागाही ज्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चोरून शोधावी लागते, त्यांच्यासाठी तर हे प्रश्न आधी येतात आणि मार्क नंतर. पुस्तिकेत यावर एकच पान आहे आणि त्यात ‘साक्षीदार व्हा’ यापलीकडे फारसे काही नाही. वास्तविक पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय मूर्तीला वाहिलेल्या अन्नाच्या प्रश्नावरच आहेत, आणि त्यांत ठामपणा, मोकळीक आणि दुसऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीची कदर हे तिन्ही इतक्या बारकाईने तोललेले आहेत की मराठी नवविश्वासी माणसाला ते आपल्याच घरासाठी लिहिल्यासारखे वाटावेत. यावर दोन पूर्ण आठवडे द्यायला हवेत. आईशी अबोला न धरता आपला विश्वास कसा राखायचा, हे शिष्यत्वाच्या सवयींत मोडत नसेल तर मग काय मोडते? एका मुलीने हा प्रश्न नेमका विचारला होता. उत्तर ‘प्रार्थना करा’ असे मिळाले, आणि ते खोटे नसले तरी तिला दिवाळीत घरी जायचे होते.

दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला देणे), साप्ताहिक विसावा आणि सेवा या तीन विषयांवरचे पाठ बरे आहेत, पण विशेष काही नाही. दशांशाच्या पाठात आकडेमोड जास्त आणि विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे गरीब विधवेने मंदिरात मनापासून टाकलेल्या दोन क्षुल्लक नाण्यांची गोष्ट, कमी, असे वाटले. सेवेच्या पाठानंतर आम्हा सर्वांना मंडळीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लावले, ते मात्र अभ्यासापेक्षा जास्त लक्षात राहिले. साक्ष देण्याच्या पाठात आपली हकिगत तीन मिनिटांत, धार्मिक शब्द न वापरता सांगायची असते, आणि ‘तारण’, ‘अभिषेक’ असे शब्द वगळल्यावर अनेकांना सांगण्यासारखे काय उरते हे तपासावे लागले. हा सराव दोनदा व्हायला हवा होता.

एकंदरीत, बायबल कधी न उघडलेल्या आणि रोजच्या प्रार्थनेची सुरुवात कशी करावी हे न कळणाऱ्या माणसाने हा वर्ग अवश्य करावा. पैशाच्या मानाने मिळणारे पुष्कळ आहे आणि कोणावरही दबाव टाकला जात नाही. ज्यांना वाचनाची सवय आधीच आहे, त्यांना पहिले चार-पाच आठवडे संथ वाटतील. कॅथलिक पार्श्वभूमीच्या व्यक्तीने एवढे ध्यानात ठेवावे की येथे ६६ पुस्तकांचे बायबल वापरले जाते, ७३ पुस्तकांचे नाही, आणि बाप्तिस्म्यासारख्या धार्मिक संस्कारांविषयीचे विवेचन प्रोटेस्टंट भूमिकेतून होते. घरात एकटे असलेल्यांनी वर्ग करावाच, पण घरच्या प्रश्नांसाठी पाळकांची वेगळी वेळ पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी, कारण वर्गात ती मिळणार नाही. सोबत्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या जवळ राहणारे, आपल्याच पाळीत काम करणारे मंडळीतील एखादे माणूस स्वतः हेरावे आणि आठवड्यातून एकदा माझी वही पाहाल का, असे त्यांना सरळ विचारावे. सरांना तसे सांगितल्यास ते यादीतील नाव आनंदाने बदलून देतात. पुढचा वर्ग पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या (ईस्टरनंतरच्या) दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नावे उपासनेनंतर कार्यालयात घेतली जातात.